अडकायला आलेले साहेब

दहिवलीच्या पुढे, ओढ्यावर ताणलेल्या तारेवरून घसरत जायचा खेळ आहे. माझ्या मुलींसाठी चौकशी करायला मी तिथे गेलो, तर खेळ बंद होता. परवान्यासाठी तपासनीस आले होते. अंगाने बारीक, हेल्मेटखाली रुमाल आणि पेन दोऱ्याने शर्टाच्या गुंडीला बांधलेले. खेळाच्या मालकाकडे बोट दाखवत त्यांनी माझ्या हातात घड्याळ ठेवले.

"तुमचा यांच्याशी काही संबंध नाही ना? मग मोजा. मी मधोमध अडकतो. दहा मिनिटांत सोडवलं, तर परवाना."

ते कमरेला पट्टा बांधून तारेवरून निघाले आणि हातमोज्याने तार दाबून बरोबर मधोमध थांबले. लटकतच त्यांनी खिशातून तपासणीचा कागद काढला आणि ओरडले, "अडकलेल्याला धीर देता का?"

मालक गडबडला. "घाबरू नका साहेब, आमी हाय!"

"दिला," म्हणत त्यांनी कागदावर खूण केली.

मालक तारेवरून त्यांच्यापर्यंत पोहोचला, पण घामेजल्या हाताने त्याला ओढायच्या दोराची कडी साहेबांच्या पट्ट्याला लावता येईना. साहेब काठाला लागले तेव्हा दहा मिनिटे चाळीस सेकंद झाले होते.

"दहाच सांगा ना, भाऊ," मालक पुटपुटला. "शनिवारी तीस जण येनार हायेत. परवाना नाय तर सगळे परत जातील."

मला वाईट वाटले. पण त्याच तारेवर माझ्या मुली लटकणार होत्या. मी चाळीस सेकंदही सांगितले.

साहेबांनी ते लिहून घेतले. मग कागद घडी करून खिशात ठेवला.

"धीर मात्र चांगला दिलात," ते मालकाला म्हणाले. "उद्या याच वेळेला परत अडकायला येतो."