मचवाछाप तपकिरीचा मालक

कचेरीच्या ओट्यावर अर्ज लिहिताना माणूस ओळखण्यात मी सहसा चुकत नाही. राजापूरकडील तो तपकीरवाला मात्र मला उमगला नाही. पुडीवरील मचव्याची, म्हणजे शिडाच्या होडीची, छाप आपलीच, असा प्रतिज्ञालेख त्याला सरकारदरबारी नोंदवायचा होता. चित्र मात्र त्याने तळहाताखाली झाकले होते.

“चित्र डकवल्यावाचून नोंद कसली?” मी विचारले.

“भाऊसाहेब, गिऱ्हाईक मचवा बघूनच पुडी घेतं. चित्र तुमच्याकडे ठेवलं, की उद्या बाजारात दुसरा मचवा!”

“दुसऱ्याचाच तर उचलला नाहीत ना?”

तो ताडकन उठला, तेव्हा तळहाताखालचा मचवा मला ओझरता दिसला; चित्र उचलून तो चालता झाला.

महिन्याभराने दुसराच गृहस्थ तोच मचवा घेऊन आला. त्याने चित्र निमूट पुढे ठेवले. मी लेख लिहिला, तो रीतसर नोंदला गेला. दोघांतील चोर कोण, हे मला आजही सांगवत नाही.