ड्रूसी मावशीचा पुढचा दरवाजा

“घर बंद कसं आसंल, पोरी? म्या घरातच हाय. मंग आता तुज्यासंगं बोलतीया ती कोन, भूत?”

फोनवर सेंट जॉन्स शहरातल्या कंपनी नोंदणी कचेरीतली मुलगी होती. आवाज गोड, पण नियमाला घट्ट. “मॅडम, पत्ता तपासायचं पत्र घेऊन आमचा माणूस आला होता. ‘घर ओसाड, दारापर्यंत जाता येत नाही’ असा शेरा मारून गेलाय.”

“कंपनीला टपालपेटीचा पत्ता चालत न्हाई म्हनलात, म्या घराचा दिला. आता घर बी चालंना?”

“नवा नियम आहे. माणसाच्या हातात पत्र देता येईल अशी जागा हवी, आणि ते मुख्य दारातच द्यायचं. बुधवारी परत पाठवते. तेव्हाही नाही जमलं तर नोंदीतनं कंपनीचं नाव कमी होईल.”

ड्रूसिला व्होकीला हॅगडाउन कोव्ह या आमच्या समुद्रकाठच्या गावात सगळेच ड्रूसी मावशी म्हणतात, तिच्याहून थोरलेसुद्धा. बापामागं शेवंडी धरायचे लाकडी पिंजरे करायचा धंदा तिनं चालवला. कंपनी म्हणजे ती, तिची शेड आणि तिची हातोडी. लग्न का केलं नाही विचारलं, तर म्हणायची, “शेडात जागा कुटं हाय?” हंगाम तोंडावर आलेला. सहकारी संस्थेनं पिंजरे मागवले होते, पण नोंद चालू नसलेल्या कंपनीकडनं संस्था खिळासुद्धा घेत नाही. मावशीची वर्षाची भाकरी त्या पिंजऱ्यांवर.

आणि अडलं होतं दारापाशी. आमच्याकडं येणारा माणूस मागनं, स्वयंपाकघरातनं येतो. समुद्राकडचं पुढचं दार जमिनीपासून छातीभर उंच, खाली पायरी नाही. तिथनं फक्त शवपेटी निघते, तेही त्या दिवसापुरती फळी टाकून. शहरातला तो माणूस दाराखाली उभा राहिला, हात वर केला, कडी हाताला लागली नाही, निघून गेला.

मावशीनं फळ्या काढल्या आणि पायऱ्या ठोकायला घेतल्या.

ठोकाठोक ऐकून शेजारची एफी काकवीचा पाव घेऊन आली. डोळे आधीच पुसलेले. “कोन गेलं गं?”

“कोन न्हाई. आनलाईस तर ठिवून जा.”

तिच्यामागं गावातला गार्लंड, काळा कोट घालून, हातात मूस हरणाच्या मटणाची बरणी. “ड्रूसे, फळी धरू का?”

“पायऱ्या हायत, गाऱ्या.”

“म्हंजी मडं लई जड हाय?”

“वर चढून येनारा हाय. सरकारचा मानूस.”

गार्लंड पायऱ्यांकडं बघत राहिला. “मागनं यायला सरकारला लाज वाटती व्हय?”

बरणी मात्र मावशीनं ठेवून घेतली.

बुधवारी तो माणूस आला, चढला, कडी वाजवली. दार हलेना. समुद्राच्या वाऱ्यानं फुगलेलं, आणि दर उन्हाळ्यात वरनं रंग मारून मारून चौकटीला चिकटलेलं. आतनं मावशी ओढत होती, बाहेरनं गार्लंड आणि बघायला आलेला मी रेटत होतो. त्या माणसानं पेन काढलं.

“आरं, काय लिवतोस?” गार्लंड म्हणाला. “बाई आतनं शिव्या देतीया, ऐकू येतंय न्हवं?”

“ऐकू येऊन चालत नाही. दारात दिसायला हव्यात.”

“मागच्या बाजूला चल की.”

“मुख्य दार,” तो म्हणाला, आणि पेन टेकवलं.

आतनं ओढणं थांबलं. मग पहारीचा आवाज आला. एक बिजागरी उखडली, मग दुसरी, आणि दार आतल्या बाजूला धाडकन आडवं झालं. धुळीत, त्या दारावरच मावशी उभी होती, हातात पहार.

“दारात हाय,” ती म्हणाली. “आन पत्र.”

त्यानं पत्र दिलं, सही घेतली आणि पायऱ्या उतरला. उतरताना म्हणाला, “पायऱ्या मजबूत आहेत.”

मावशीनं कचेरीला फोन लावून पत्रातला खुणेचा आकडा सांगितला. पलीकडं बटणं वाजली. “झालं मॅडम. नोंद मंजूर.”

“ब्येस,” मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

समुद्राचा वारा सरळ घरात शिरत होता. एफीच्या डोक्यावरचा रुमाल उडाला. “आगं, ह्या भगदाडाचं काय?”

मावशीनं त्यावर ताडपत्री मारली, चार खिळ्यांत. उरलेले खिळे तोंडात धरून ती शेडात गेली आणि अर्ध्यावर सोडलेल्या पिंजऱ्याच्या कमानीसाठी फांदी वाकवायला बसली.