येळवशीचं बोलावणं

दिवाळीच्या पणत्या धुऊन ठेवल्या की माझं मन खचायला लागायचं. दिवस लहान होत जायचा, शाळेत शिकवून घरी येईस्तोवर अंधारून यायचं, आणि भाकरी थापता थापता हात तसाच परातीत राहायचा. मार्गशीर्षात तर मी देवघरापुढं बसून चक्क भांडायचे. इतकी वर्षं तुझी पूजा केली, त्याचं हेच का फळ? शेवटी दिवा लावणंच सोडलं. संक्रांत झाली की मन आपोआप निवळायचं, म्हणून घरात कुणाला सांगितलं नाही. बरं, सांगणार तरी काय? नोकरी चांगली, नवरा चांगला, पोरं गुणाची. रडायला काही कारण तर हवं ना!

त्या वर्षी मात्र संक्रांतीपर्यंत थांबायचं बळ उरलं नव्हतं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आमच्या लातूरकडं अख्खं घर शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पांडवांची पूजा मांडतात आणि सगळे तिथंच जेवतात. हे पोरांना घेऊन जळकोटकडच्या आमच्या शेतात गेले. डोकं दुखतंय म्हणून मी अहमदपुरातच राहिले. गाडी वळलेली दिसली आणि मी दार ओढून घेऊन चालायला लागले. परत यायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. कुणीच नसेल अशी जागा हवी होती.

काय म्हणावं माझ्या अकलेला! एकांत शोधायला मी येळवशीच्या दिवशी शिवारात गेले. जिकडं वळावं तिकडं कोप, तिकडं माणसं. त्या दिवशी वाटेवरच्या माणसाला जेवल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. "ओ बाई, या की जेवायला!" एका रानातून कशीबशी सुटले की दुसऱ्यातून हाक. मला तर राग यायला लागला. चौथ्या रानात एका म्हातारीनं सरळ मनगटच धरलं. म्हणाली, "आज उपाशी जाऊ न्हाई. बस."

तिनं शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी आणि भाकरी वाढली, आंबिलीचा पेला हातात दिला. पहिल्या घोटालाच मला रडू फुटलं.

"कोण गेलं गं तुझं?"

"कुणी नाही."

"मग का रडायलीस?"

"माहीत नाही, आजी. थंडी आली की असंच होतं. आता नाही सोसत."

ती हळूच म्हणाली, "माझ्या सुनेला बी असंच व्हायचं. आम्ही म्हणलो, कामाचा कंटाळा हाय, नाटकं करायलीय. गेली बिचारी. जीव दिला तिनं." पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "तू घरी सांगितलंस का?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मग आत्ता सांग. मी हितंच बसते."

मी फोन लावला. "डोकं दुखायचं थांबलं का?" ह्यांनी विचारलं. मी म्हणाले, "डोकं दुखतच नव्हतं. मला जगावंसं वाटत नाही. मला न्यायला या." ते म्हणाले, "कुठं आहेस? तिथंच थांब." ते येईपर्यंत म्हातारी जागची हलली नाही.

पुढं नांदेडच्या डॉक्टरांकडं उपचार सुरू झाले. ऊन कमी झालं की काही माणसांना हा आजार होतो, असं त्यांनी समजावलं. हिवाळा अजूनही जड जातो, पण आता घरात सगळ्यांना ठाऊक असतं. देव पावला का, हे मला सांगता येणार नाही. मुकाट्यानं सोसणं म्हणजेच देवाला शरण जाणं, असं मी समजत होते. खरं तर कुणाची तरी हाक ऐकून थांबायचं होतं, आणि मी तीन रानं ओलांडून पळाले होते.

मी आता दर येळवशीला म्हातारीकडं जाते. गेल्या खेपेला वाढता वाढता ती थांबली. म्हणाली, "तिला एकदा तरी इचारायला पाह्यजे होतं गं मी." मी तिला जवळ घेतलं आणि ती पोटभर रडली. देवा, एवढ्यासाठी तरी तू मला ठेवलंस.