मापताईची कंबर

कपड्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे मापताई म्हणत. मधल्या साईजचा प्रत्येक नवा नमुना आधी तिच्या अंगावर चढायचा. ती हात वर करायची, वाकायची, बसायची आणि काख कुठे काचते, पाठ कुठे ओढते ते सांगायची. त्यावर कटिंग मास्तर खडूने खुणा करत. नऊ वर्षं झाली, सकाळी नऊला मस्टरवर सही आणि सहाला सुट्टी.

घरी याला कुणी काम म्हणत नसे. "मॉडेल म्हणे. नुसतं उभं राहायचा पगार," सासूबाई म्हणत. "एक दिवस नाही उभी राहिलीस तर काय बिघडतं?"

"चाळीस मशिनी अडतात," ती म्हणे आणि पायांत चपला सरकवी.

मास्तर दर सोमवारी तिचं माप घेत. कंबर बहात्तर सेंटिमीटर. फार तर एकाची सूट.

एका रविवारी तिच्या स्कर्टचं बटण लागेना. टेप लावली तर चौऱ्याहत्तर. तिने रात्रीचं जेवण सोडलं. गाल बसले, मनगटावरचं घड्याळ सैल झालं, पण कंबर काही हटेना. दोन सोमवार तिने श्वास आत ओढून कसेबसे निभावले. नोकरी जाणार ही भीती होतीच. मग आंघोळ करताना ओटीपोटात काहीतरी टणक हाताला लागलं आणि चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला. कुणाला सांगायचा धीर होईना.

तिसऱ्या सोमवारी मास्तर टेप धरून थांबले.

"श्वास सोड."

"सोडलाय."

"नऊ वर्षं माप घेतोय तुझं. मला शिकवू नकोस."

तिने श्वास सोडला. शहात्तर.

"जरा जास्त खाल्लं जातंय, मास्तर. पंधरा दिवसांत उतरवते."

"दंड बारीक झालेत, खांदे उतरलेत. खाऊन सुटलेलं माणूस सगळीकडून सुटतं." त्यांनी आवाज खाली आणला. "आजारपणाची रजा टाक आणि आत्ता डॉक्टरकडे जा."

"नमुने अडतील."

"अडू देत."

सोनोग्राफीच्या टेबलावर ती पडून राहिली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या. भीतीने पोटात गोळा येतो म्हणतात, हिच्या पोटात खराच गोळा निघाला. ऑपरेशन झालं आणि तो तपासायला गेला. रिपोर्ट यायला आठ दिवस होते. दारात नर्सची पावलं वाजली की ती मान वळवून बघे.

सासूबाई कॉटशेजारी बसून होत्या.

"घाबरलीस?"

"हो."

"मीही," त्या म्हणाल्या आणि तिच्या पायांवरची चादर नीट करत राहिल्या.

रिपोर्ट चांगला आला. गोळा साधाच होता, पण आणखी थांबली असती तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सहा आठवड्यांनी ती कामावर रुजू झाली. तिच्या जागी आणलेल्या दोघी साडेदहाला उगवायच्या, मास्तर अगदी मेटाकुटीला आले होते.

आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. त्या दिवसाची रजा ती आधीच लिहून देते. आदल्या दिवसापासून तिला घास गिळवत नाही. रांगेत सासूबाई सोबत बसतात.