अर्ध्या जिन्यावरची काकू

माझी काकू परदेशी गेली तेव्हा काकाला तिथे जाऊन बरीच वर्षं झाली होती. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तो काम करतो. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं, संध्याकाळी घरी येऊन भात टाकायचा, गादीवर आडवं व्हायचं. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. घरात गादी, एक टेबल आणि एक खुर्ची. एकट्या माणसाला याहून जास्त काय लागतं, असं त्याचं मत होतं.

लग्न झालं आणि काकूचे कागद होईपर्यंत ती आमच्याकडेच राहिली. तिकीट हातात आलं त्या दिवशी तिने फोनवर सहज विचारलं, "तिथे बसायला काय आहे?"

"खुर्ची आहे ना," काका म्हणाला.

"मग तुम्ही कशावर बसणार?"

खुर्ची आपली राहिलेली नाही हे काकाला तेवढ्यात कळलं असावं. दुसऱ्याच दिवशी जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन त्याने तिघांना बसता येईल असा शेवाळी रंगाचा सोफा घेतला. हात इतके रुंद की त्यावर जेवणाचं ताट राहावं.

दुकानाचे दोन हमाल सोफा घेऊन आले, एक लांबडा आणि एक बुटका. दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथून वर जाताना जिना मध्येच वळतो आणि वळणावर दाराएवढी मोकळी जागा आहे. तिथे लांबड्याने वरून ओढलं, बुटक्याने खालून रेटलं, दोघांनी मिळून सोफा फिरवला आणि तो तिथेच अडकून बसला. एक हात खिडकीच्या कोनाड्यात, दुसरा कठड्याच्या गजांमध्ये. वर जाईना, खाली येईना. गंमत म्हणजे तो वाकडातिकडा अडकला नव्हता. बैठक अगदी सपाट, तोंड खालच्या पायऱ्यांकडे, पाठ वरच्या पायऱ्यांकडे, जणू कोणी हौसेने मांडून ठेवलाय. फक्त पूर्ण वाट बंद. लांबडा वरच्या बाजूला राहिला होता, तो पाठीवरून टांग टाकून बैठकीवर उतरला, बुटक्याशी काहीतरी कुजबुजला, आणि तिसरा माणूस आणतो असं सांगून दोघं गेले ते गेलेच.

काकाने दोन दिवस खटपट केली. मग कारखान्यातून करवत मागून आणली. ती चालवणार एवढ्यात देखरेखवाल्या बाई आल्या. या बाई तळमजल्यावर राहतात, इमारतीच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असतात. त्यांनी काकाला आधी झापलं. जिन्यात सामान ठेवायला बंदी आहे, हे त्याला माहीत नव्हतं का?

"मी ठेवलेला नाही. अडकलाय," काका म्हणाला.

बाईंना मुद्दा पटला. त्यांनी स्वतः खांदा लावून बघितला, कोनाड्यात हात घालून बघितला, आणि थोडा विचार करून निर्णय दिला. जे हलवता येतं ते सामान. हे हलत नाही, म्हणजे हे सामान नाही. भिंत, कठडा, खिडकी, तसाच हाही इमारतीचा भाग. आणि इमारतीचा भाग कोणालाही कापता येत नाही. असं म्हणून त्यांनी करवत काढून घेतली. जाताना बूट घालून त्यावर चढू नका, अशी तंबीही दिली. पुढच्या आठवड्यापासून सोफा झटकायच्या पाळ्या लागल्या, एकेका मजल्याला एकेक दिवस.

काकूला हे सांगायचं कसं, याची काकाला धास्ती होती. विमानतळावरून घरापर्यंत त्याने हवामान सांगितलं, बसचे मार्ग सांगितले, आणि इमारतीच्या दारात आल्यावर म्हणाला की जिन्यात जरा अडचण आहे. काकू एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कुकर घेऊन वळणापर्यंत आली आणि थांबली.

"हा आपला?" तिने विचारलं.

"होता."

"आता कोणाचा?"

"इमारतीचा."

काकूने कुकर खाली ठेवला, सोफ्यावर बसली, जरा सरकून पाहिलं. मऊ आहे, एवढंच म्हणाली. मग उठून पदर खोचला आणि टांग टाकून आपल्या संसारात उतरली. बॅगा काकाने मागून दिल्या.

दोनच दिवसांत तिच्या लक्षात आलं की घरात बसून करायचं काही नाही. खिडकीतून समोरची भिंत दिसते, काका संध्याकाळी येतो, खुर्ची एकाच बाजूला कलते. म्हणून ती दुपारी मटार सोलायला सोफ्यावर येऊन बसू लागली. तिथे उजेड होता, वारा होता आणि माणसं होती. येणारा प्रत्येक जण तिच्या शेजारी चढून, पाठ ओलांडून पलीकडे उतरायचा. हातात पिशव्या, छत्र्या, कोणाच्या काखेत कपड्यांचं बोचकं. काकू पिशवी धरायची, माणूस पलीकडे उतरला की त्याच्या हातात द्यायची. कोणी घसरायला लागलं की दंड पकडायची. माणसं जे बोलायची ते ऐकून ऐकून ती तिकडची भाषा शिकली. तिला सगळ्यात आधी आलेली वाक्यं म्हणजे, पिशवी माझ्याकडे द्या. डावा पाय आधी. घाई नाही. आता उतरा. हे ती इतकं स्वच्छ आणि ठासून बोलायची की लोकांना वाटायचं बाईंना भाषा उत्तम येते.

बाहेर मात्र पंचाईत व्हायची. दुकानात दूध मागायला गेली तर तोंडातून बाहेर आलं, डावा पाय आधी. दुकानदाराने पाय उचलून तळव्याला काही चिकटलंय का ते पाहिलं.

आमच्याशी ती तिथूनच व्हिडिओ फोनवर बोलायची. तिच्या मागून दर दोन मिनिटांनी कोणीतरी चढून पलीकडे नाहीसं व्हायचं. आजी, म्हणजे काकाची आई, हे बरेच दिवस मुकाट्याने बघत होती. शेवटी तिने विचारलं, "तुझ्या घरातून एवढी माणसं कुठे जातात गं?"

"आपापल्या घरी," काकू म्हणाली.



चौथ्या मजल्यावर जहाजाचे एक निवृत्त कप्तान राहतात. एकटे, फटकळ, कोणाची मदत न घेणारे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते काठी टेकत परत आले तेव्हा सगळ्यांना प्रश्न पडला की हे सोफा कसा ओलांडणार. कप्तान स्वतः वळणावर उभे राहून सोफ्याकडे शत्रूच्या जहाजाकडे बघावं तसे बघत होते. काकूने मटाराचं भांडं बाजूला केलं आणि बैठक थोपटली. बसा, म्हणाली. हा शब्द तिला नुकताच आला होता. मग दुखरा पाय आधी वर, मग पाठीवर हात, मग वजन चांगल्या पायावर. कप्तान पलीकडे उतरले. त्यानंतर रोज सकाळी ते काहीही काम नसताना सोफा ओलांडून खाली यायचे आणि ओलांडून वर जायचे. दवाखान्यात त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना त्यांचा गुडघा इतक्या लवकर वळतो याचं नवल वाटायचं.

अशात काकूच्या राहण्याच्या परवान्याची मुलाखत आली. नव्या आलेल्या माणसाला भाषा किती येते आणि तो ठीक राहतो ना, हे तिथल्या कचेरीत बघतात. काकाला आत सोडलं नाही. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, कुठे राहता? काकूला प्रश्न समजला, आनंद झाला, आणि तिने येत होतं ते खरं सांगितलं.

"जिन्यात. सोफ्यावर."

"आणि नवरा?"

"वर. घरात."

अधिकाऱ्याने लिहिणं थांबवलं. नवरा तुम्हाला वर येऊ देतो का, असं त्याने हळू आवाजात विचारलं. काकूला अर्धंच कळलं. ती म्हणाली, "आधी पिशवी द्यायची. मग पाय वर."

त्याने तिला पाणी आणून दिलं.

पुढच्याच आठवड्यात घराची पाहणी करायला तपासनीस येणार असं कळलं. काकाने रजा घेतली, फरशी पुसली, गादीवर नवी चादर घातली, आणि तिसऱ्या मजल्यावर दार उघडं टाकून वाट बघत उभा राहिला. तपासनीस अंगाने भरलेले, बोलायला सौम्य, छातीशी कातडी बॅग. त्यांच्यामागे किल्ल्या वाजवत देखरेखवाल्या बाई. वळणावर आले तर काकू मटार सोलत बसलेली. म्हणजे कचेरीतली शंका खरीच निघाली, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, असं काका सांगतो.

काकूने हात पुढे केला. "पिशवी माझ्याकडे द्या."

बॅगेत सरकारी कागद होते. तपासनिसांनी ती आणखी घट्ट धरली.

"पिशवीसकट जमत नाही," काकू म्हणाली. तेही त्यांनी ऐकलं नाही. डावा पाय आधी म्हटलं तर उजवा टाकला, आणि तो बैठक आणि भिंत यांच्या फटीत गुडघ्यापर्यंत गेला.

मग सगळे एकदम बोलू लागले. काका वरून सांगतोय ओढा, बाई खालून सांगतायत इमारतीच्या भागावर जोर देऊ नका, वरून कप्तान काठी आपटत येऊन जहाजावरचे हुकूम सोडतायत. काकूने सगळ्यांना गप्प केलं. तपासनिसांच्या दंडाला धरून त्यांना शेजारी बसवलं, फटीतला पाय हळूच मोकळा केला, आणि म्हणाली की आता दोन्ही पाय वर घ्या. त्यांनी घेतले. त्यांचं सगळं वजन बैठकीवर आलं, कठड्याचा एक गज कडकन मोडला, आणि महिनोन्‌महिने न हललेला सोफा सुटला.

सोफा पायऱ्यांवरून खाली निघाला. काकू एका बाजूला, तपासनीस दुसऱ्या, मध्ये मटार. देखरेखवाल्या बाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि सोफा त्यांच्यासमोरून गेला. दुसऱ्या मजल्यावर एका दाराला हलकेच टेकून तो थांबला. दार जरासं उघडलं, एका माणसाने बसलेल्या दोघांकडे पाहिलं, आणि दार परत लावून घेतलं.

तपासनिसांनी मांडीवरचे मटार झटकले. मग विचारलं, "हे रोज होतं?"

"पिशवी," काकू म्हणाली.

त्यांनी दिली.

मग मोकळ्या जिन्याने काका, काकू आणि तपासनीस घरी गेले. तपासनिसांना खुर्ची दिली. काका आणि काकू समोर उभे राहिले. त्यांनी चहुकडे बघून विचारलं, घर तर नीटनेटकं आहे, मग बाई जिन्यात का बसतात? काकूने त्यांच्या खालच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"एकच आहे."

तपासनीस उठून उभे राहिले. आता तिघंही उभे होते. त्यांनी उभ्यानेच काय ते लिहिलं आणि कठडा धरून सावकाश खाली गेले. परवाना महिन्याभरात आला.

पण सोफ्याचा घोळ मिटला नव्हता. बाईंचं म्हणणं पडलं की इमारतीचा एक भाग जागेवरून निसटला आहे, तो पूर्ववत करायला हवा. रहिवाशांची बैठक झाली, कप्तानांनी जोरदार पाठिंबा दिला. दुकानाला दम भरल्यावर लांबडा आणि बुटका आले, या वेळी तिसऱ्या माणसाला घेऊन. तीन धडधाकट माणसं दुपारभर सोफा अडकवायचा प्रयत्न करत होती. तो अडकेना. कसाही फिरवला तरी सरळ वर निघून जायचा. काका कारखान्यातून मोजायचं साधन घेऊन आला, सोफा मोजला, वळण मोजलं, परत मोजलं, आणि खाली बसला. मापानुसार चांगली चार बोटं जागा उरत होती. हा सोफा इथे अडकूच शकत नव्हता.

काका म्हणाला, मग आता मी घरी नेतो. बाई म्हणाल्या, इमारतीचा भाग घरी नेता येत नाही. जिन्यात ठेवावा तर आता तो हलतो, म्हणजे सामान झाला. निर्णय होईपर्यंत त्यांनी तो तळमजल्यावर स्वतःच्या खोलीत ठेवून घेतला. निर्णय अजून झालेला नाही. बाई त्याच्यावर बसून संध्याकाळचा चहा घेतात. काकाने आणखी दोन खुर्च्या घेतल्या.

जिना मोकळा झाला आणि काकू उदास झाली. लोक मान हलवून झपाझप वर जायचे. ती वळणावरच्या पायरीवर भांडं घेऊन बसली तर वळसा घालून जायचे. फोनवर तिच्या मागे कोणी दिसेना तेव्हा आजीनेही विचारलं, तुझी माणसं कुठे गेली?

कप्तानांनीच मग हालचाल केली. ते तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंसमोर उभं करून म्हणाले, माझा गुडघा हिने वळवला. तिथे एका मोठ्या खोलीत चार लाकडी पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना कठडा, वर एक फळी, पलीकडे चार पायऱ्या खाली. कुठेच न जाणारा जिना. ऑपरेशन झालेली माणसं त्यावर चढायला शिकतात. बाईंनी काकूला एका घाबरलेल्या आजोबांजवळ नेलं. काकूने त्यांची काठी मागून घेतली, डावा पाय आधी म्हणाली, घाई नाही म्हणाली. आजोबा पलीकडे उतरले. काकूला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं.

आता ती सकाळी काकाच्या आधी बाहेर पडते. संध्याकाळी दोघं आपापल्या खुर्चीवर बसतात, तिसरी खुर्ची पाय ठेवायला. काका चहा करतो आणि आज कोण कोण चढलं ते विचारतो. परवा तिने सांगितलं की एक आजी चारही पायऱ्या चढल्या, वर फळीवर उभ्या राहिल्या आणि उतरेचनात. इथून बरं दिसतंय, म्हणाल्या.

"मग?" काकाने विचारलं.

"मग काय, मीही वर जाऊन उभी राहिले."