गडाच्या पायथ्याची अकरा वर्षं

डीमनच्या ताईंचं आधी सांगतो, बाकीचं मागाहून. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. त्या मूळच्या पुण्याच्या, इथे ॲमस्टरडॅमला लागून डीमनला राहतात आणि एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतात. माझं-त्यांचं नातं नाही, गाव एक नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मसालेभात करायला मला दीड तासावरच्या टिलबर्गहून बोलावलं होतं, तेवढीच काय ती ओळख. जेवणं झाल्यावर त्या मुद्दाम आत आल्या आणि म्हणाल्या, "भात अगदी लग्नातल्यासारखा झालाय. नंबर देऊन ठेवा." मी दिला, त्यांनीही दिला. या देशात माझ्या फोनमध्ये मराठी माणसाचा तो एकच नंबर होता. मी बुडायला लागलो तेव्हा धरायला तेवढाच काठ होता.

मी सातारकडचा, शिकलेला नाही. नववीत गणित आणि इंग्रजी दोन्ही गेलं, आणि चुलत्यांनी मला पुण्याच्या एका टूर कंपनीच्या किचनवर लावून दिलं. आपली माणसं कशी फिरतात ते तुम्हाला माहीत आहे. राजस्थान बघायचा, पण जेवायला वरण-भात पाहिजे. म्हणून टूरबरोबर आचारी जातात, भांडी जातात, शेगड्या जातात, गोडा मसाल्याचा डबासुद्धा जातो. अकरा वर्षं मी त्या गाडीबरोबर फिरलो. जयपूर, बिकानेर, जैसलमेर, जोधपूर, उदयपूर, आणि परत जयपूर. सीझनमध्ये एका ग्रुपला सोडलं की दुसरा तयारच.

जैसलमेरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चिमूटभर सोडा टाकावा लागतो किंवा टँकरचं गोडं पाणी मागवावं लागतं. बिकानेरला कणीक मळली की लगेच ओल्या फडक्याखाली गेली पाहिजे, नाहीतर पोळीत रेती लागते. जोधपूरला पाहुणे किल्ल्यावर चढले की आम्ही पिठल्याला कांदा चिरायला घ्यायचो, कारण दोन-अडीच तासांत ते खाली येणार आणि आल्या आल्या ताक मागणार हे ठरलेलं. हे सगळं मला पाठ आहे. आणि त्या अकरा वर्षांत मी एकाही किल्ल्याच्या आत गेलो नाही, एकही महाल बघितला नाही. किचन कायम पायथ्याला, नाहीतर पुढच्या गावाला. आम्हाला त्याचं काही वाटतही नव्हतं. डाळ सोडून वर कोण जाणार?

पुढे ओळखीतून टिलबर्गच्या एका हॉटेलात आचारी म्हणून इकडे आलो. दोन वर्षं बरी गेली. मग एका बुधवारी मालकानं सांगितलं की हॉटेल बंद करतोय. माझा इथे राहण्याचा परवाना त्या नोकरीला बांधलेला होता. नोकरी गेली, आता तीन महिन्यांत दुसरा मालक शोधा, त्यानं अर्ज केला तर ठीक, नाहीतर देश सोडा. गावाकडे बायको, आई आणि दहावीतली मुलगी. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. फोनवर बायको विचारायची, "आज काय केलंत हॉटेलात?" मी सांगायचो, "पनीर," आणि नोकरी गेल्याच्या पंधराव्या दिवसापासून रोज पनीरच सांगत होतो. एकदा ती म्हणाली, "त्या लोकांना दुसरं काही खायचं माहीत नाही का हो?" मी हसलो, फोन ठेवला आणि खोलीतल्या खुर्चीवर तसाच बसून राहिलो. दारावरची घंटा वाजली तरी वाटायचं, पोलीस न्यायलाच आले.

ताईंना फोन केला तो एकविसाव्या दिवशी. त्यांनी कंपनीतनं सुट्टी काढून माझे सगळे कागद बघितले, कुठे कुठे मेल लिहिले. आणि चाळिसाव्या दिवशी एक मालक सापडला. मूळचा दिल्लीचा, तीस वर्षं इथे. उन्हाळ्यात जेवणाच्या ऑर्डरी घ्यायचा आणि हिवाळ्यात इथल्या निवृत्त डच लोकांचे ग्रुप राजस्थानला न्यायचा. त्यानं माझ्या कामाचा कागद वाचला, "राजस्थान टूर, अकरा वर्षं", आणि हिंदीत विचारलं, "मतलब किले-विले सब घुमाये हैं लोगों को?"

मी म्हणालो, "हाँ जी."

दोन शब्द. विचार केला नाही असंही नाही, केला होता. वाटलं, नाही म्हणालो तर हा उठून जाईल. तो एकदम खूश झाला. म्हणाला, मला असाच माणूस पाहिजे, जो स्वयंपाकही करेल आणि ग्रुपबरोबर वरही जाईल. तीन आठवड्यांनी या वर्षीच्या पाहुण्यांना त्यानं हॉलवर जेवायला बोलावलं होतं. दरवर्षी बोलवायचा. तिथे मी जेवण करायचं आणि मग उभं राहून किल्ल्यांची माहिती सांगायची. लोकांना आवडलं की दुसऱ्या दिवशी परवान्याचा अर्ज.

मी तसाच डीमनला गेलो आणि ताईंना खरं ते सांगितलं.

"एकही किल्ला नाही?"

"नाही ताई."

"आमेरचा पण नाही? तिथे तर सगळेच जातात."

"सगळे जातात म्हणूनच तर खाली जेवण लागतं ना ताई."

त्यांचे मिस्टर सोफ्यावरून म्हणाले, "पॉइंट आहे." ताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून चहा टाकायला गेले.

मग ताईंनी लॅपटॉप काढला. लग्नानंतर दोघं राजस्थानला गेले होते, त्याचे सहाशे फोटो होते. तीन शनिवार त्या माझ्यापुढे ते फोटो घेऊन बसल्या. हा जोधपूरच्या मेहरानगडाचा पहिला दरवाजा, हा लोहापोळ म्हणजे लोखंडी दरवाजा, इथे सतींच्या हातांचे ठसे आहेत. हा मोती महाल, हा फूल महाल, छताला सोनं आहे. मला वाचून लक्षात राहत नाही, म्हणून मी फोडणीसारखं लावून घेतलं. मोहरी म्हणजे मोती महाल, जिरं म्हणजे शीश महाल, फूल महाल म्हणजे फुललेला हिंग. डोळे मिटून म्हणायला लागलो की ताईंचे मिस्टर विचारायचे, "हा किल्ला सांगतोय की आमटी?"

"तू गप्प बस रे," ताई म्हणायच्या. "आणि दादा, तुम्ही घाबरू नका. तिथे एक्झाम घेणार नाहीत तुमची. फ्लोमध्ये बोला, मी डचमध्ये ट्रान्स्लेट करीन. कुठे अडलात तर मी सावरून घेईन."

त्यांनाही ते खटकत होतं, हे मला दिसत होतं. तिसऱ्या शनिवारी फोटो बंद करताना त्या म्हणाल्या, "नोकरी लागली की पहिल्या ट्रिपला आधी जाऊन सगळं बघून घ्या. म्हणजे मग खोटं राहणार नाही." त्या हे मला सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे.

हॉलवरच्या जेवणाचा दिवस एकसष्टावा. दुपारचं जेवण होतं, चाळीसेक माणसं, बहुतेक सगळी पांढऱ्या केसांची. डाळ-बाटी, गट्टे, कढी. जेवण सुरेख झालं. ते मला माहीतच होतं, तिथे माझा हात चुकत नाही. मग मी पुढे उभा राहिलो, शेजारी ताई. मालक भिंतीला टेकून हाताची घडी घालून. मी मराठीत सांगायचं, ताईंनी डचमध्ये. मोहरी, जिरं, हिंग. सगळं सरळ गेलं. लोक माना डोलवत होते, एक जण तर वहीत लिहून घेत होता. मला घाम फुटला होता, पण वाटलं, निभावलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. त्या चाकांचा वॉकर ढकलत आल्या होत्या. त्या बोलल्या, ताईंनी मला सांगितलं, "यांचे मिस्टर गेल्या वर्षी वारले. दोघं मिळून जाणार होते. या म्हणतात, मला जोधपूरच्या किल्ल्यावर वरपर्यंत जायचंच आहे. आत पायऱ्या किती आहेत? बसायला जागा कुठे कुठे आहे? तुम्ही इतक्यांदा गेलाय, खरं सांगा, मला जमेल का?"

फोटोत पायऱ्या मोजता येत नाहीत. मी काहीतरी आकडा सांगू शकलो असतो. ऐंशी म्हणालो असतो, ताईंनी ऐंशी सांगितलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे नाशिकच्या एक काकू आल्या. गुडघे दुखतात म्हणून अख्खा ग्रुप वर गेला तेव्हा त्या जोधपूरला आमच्याजवळ खालीच बसून राहिल्या. म्हणाल्या, "आणा रे, लसूण तरी सोलते." दोन तास लसूण सोलत मान वर करून किल्ल्याकडे बघत होत्या. त्यांना टूर बुक करताना कुणीतरी सांगितलं होतं, "काही नाही हो काकू, सहज जमेल."

मी म्हणालो, "ताई, मी आत कधी गेलोच नाही, हे यांना सांगा."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "वेडे झालात का? मालक उभा आहे तिथे."

"दिसतोय मला."

"अहो, घरी सगळी... मुलगी दहावीत आहे ना तुमची?"

"आहे. तरी सांगा. ही बाई वर जाऊन अडकली तर काय करायचं?"

चाळीस माणसं आमच्या तोंडाकडे बघत होती. एकालाही मराठी येत नव्हतं. पण हिंदीवाल्याला "कधी गेलोच नाही" एवढं कळायला वेळ लागत नाही. मालकानं हाताची घडी सोडली. ताईंनी एक श्वास घेतला आणि सगळं जसंच्या तसं डचमध्ये सांगितलं. कुणीतरी मागे हसलं.

आजींनी विचारलं, "मग अकरा वर्षं तुम्ही तिथे काय करत होता?"

"खाली स्वयंपाक करत होतो," मी म्हणालो, "आणि वरून उतरून आलेली माणसं बघत होतो." मग जे खरंच माहीत होतं ते सांगितलं. वर जायला लिफ्ट आहे असं सगळे म्हणायचे, पण माणसं थकून येतात ती दगडगोट्यांच्या उतारानं, गुडघे तिथे जातात. सकाळी लवकर गेलेले हसत येतात, अकरानंतर गेलेले बोलत नाहीत. आतल्या पायऱ्या मी मोजलेल्या नाहीत, त्या मोजलेल्या माणसालाच विचारा. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. टाळ्या-बिळ्या काही झाल्या नाहीत. लोक कॉफी घ्यायला उठले.

मालक मला आत भांड्यांजवळ भेटला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "उस औरत से झूठ नहीं बोला, अच्छा किया. मुझसे क्यों बोला?" मी पातेलं घासायला घेतलं. तो म्हणाला, भांडी राहू दे, जा.

स्टेशनवर मला काही दिसत नव्हतं. गाडी आली, गेली, आम्ही दोघं बाकावर तसेच. मी म्हणालो, "ताई, तिकीटच काढतो आता गावचं. एकतीस दिवस उरलेत, कोण घेणार मला?" ताईंनी मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. "ए, रडू नकोस. खोटं तू एकदा बोललास, ते तीन शनिवार घोकून मी घेतलं तुझ्याकडून. तुझ्याइतकीच माझीही चूक आहे."

मला वाटलं, समजूत घालायला म्हणताहेत. पण दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर त्या एकट्या त्या मालकाकडे गेल्या आणि त्यालाही तेच सांगितलं. फोटो माझे, शिकवणी माझी, सावरून घेईन हा शब्दही माझा. त्यानं ऐकून घेतलं आणि दार लावलं. आठवड्यानं त्या परत गेल्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या मिस्टरांनी सांगितलं. "तिसऱ्यांदा निघालीये," ते म्हणाले, "आता तो पोलिसांना तरी बोलावेल, नाहीतर तुला तरी." अशा शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या बाईनं माझ्यासाठी एका अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून 'मी खोटं शिकवलं' म्हणायचं, हे मला आजही नीट सोसत नाही. रात्री आठवलं की कूस बदलतो.

त्र्याऐंशीव्या दिवशी मालकाचा फोन आला. टूरवर नेणार नाही, पाहुण्यांपुढे उभा करणार नाही, फक्त किचन. कबूल असेल तर उद्या कागद घेऊन ये. मी कबूल म्हणालो. सत्याऐंशीव्या दिवशी अर्ज गेला.

उत्तर अजून आलेलं नाही. मी रोज खाली जाऊन पत्रांची पेटी उघडतो, सुपरमार्केटची जाहिरात असते. घंटा वाजली की आधी खिडकीतून खाली बघतो, मग दार उघडतो. मालक कधी शब्द फिरवेल, परवान्याचं कार्यालय कधी नाही म्हणेल, काही सांगता येत नाही. बायकोला गेल्या आठवड्यात सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "त्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

नमस्कार सांगायला परवा डीमनला गेलो होतो. बोलता बोलता ताईंचा फोन वाजला आणि त्या गॅलरीत गेल्या. पुण्याहून त्यांच्या आई होत्या. काच बंद होती तरी ऐकू येत होतं. सिलिंडर कुणी लावला, डॉक्टरकडे कोणाबरोबर गेलीस, जेवलीस की नुसता चहा. आत आल्या तेव्हा डोळे लाल. म्हणाल्या, "एकटी असते रे. कुणी नाहीये तिथे." लगेच विषय बदलला.

मला घरी परत पाठवलंच, तर सातारच्या गाडीत बसण्याआधी मी पुण्याला त्या आईंच्या घरी जाणार आहे. सिलिंडर लावायला, दवाखान्यात हाताला धरून न्यायला, मऊ भात करून वाढायला मला कुठलाही परवाना लागत नाही. आणि इथे राहायला मिळालं, तर पहिली सुट्टी मिळेल तेव्हा तिकडेच जाईन, आणि ज्या दिवशी आईंना गरज पडेल आणि ताईंना निघता येणार नाही त्या दिवशी त्यांच्या जागी मी निघेन. ताईंना हे बोललो नाही, त्या नको म्हणतील. पण हे मी करणार आहे.