भिंगावरचं कुंकू

माधवी झोपेतच गेली, हे सांगायला तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी पुनावळ्याच्या चौकात ट्रॅफिकला शिव्या घालत होतो. फोन ठेवल्यावर शिव्याही सुचेनात… त्याला आता महिना उलटला.

आकुर्डीच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. नवरा अकाली गेल्यावर तिने नोकरी सोडली आणि संत तुकाराम नगरातल्या घरात कॉम्प्युटरला बघायला शिकवायचा उद्योग मांडला. चांगल्या आणि तडकलेल्या गिअरचे ढीगभर फोटो त्याला दाखवायचे, म्हणजे पुढे कॅमेऱ्याखाली आलेल्या गिअरवरची केसाएवढी चीरही तो आपणहून हुडकतो. लेकरासारखं आहे, दाखवू तेवढंच शिकतं, असं ती कौतुकाने म्हणायची. चाकणच्या आमच्या कारखान्यात तिचा कॅमेरा माझ्या शब्दावर चाचणीसाठी बसला. चाचणी फसती, तर तिला गाशाच गुंडाळावा लागला असता.

त्याच सुमारास खंडेनवमी आली. मशिनांची पूजा चालली होती आणि माधवी सवयीने मागे उभी होती. नवरा गेल्यापासून कुणी तिच्यापुढे कुंकू धरलं नव्हतं. तपासणी विभागातल्या संगीताताईंनी मात्र ताट सरळ तिच्यासमोर नेलं. "कॅमेरा तुमचा हाय ताई, मंग कुंकू दुसऱ्या कुणी का लावायचं?" माधवीने बोट कुंकवात बुडवलं आणि कॅमेऱ्याला लावलं, चांगलं ठसठशीत.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि चाचणीत कॅमेऱ्याने झाडून सगळे गिअर नापास केले. साहेब भडकले, हे धूड परत पाठवा म्हणाले. माझा चेहरा पडला. माधवी स्क्रीनवरचे फोटो बघत राहिली. प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच डाग होता. आणि बाई खो खो हसायला लागली. गुपचूप पुसून धुळीवर ढकलता आलं असतं, पण तो तिचा स्वभाव नव्हता.

"साहेब, त्याचं काही चुकलं नाही. मीच भिंगावर कुंकू लावलंय."

साहेबांनाही हसू आवरेना. भिंग पुसलं, गिअर पुन्हा सोडले आणि तडकलेले तेवढेच बाजूला पडले. कॅमेरा राहिला. मग दर खंडेनवमीला माधवी हौसेने यायची आणि कॅमेऱ्याच्या वरच्या चौकटीवर जपून बोट टेकवायची. त्या दिवशी ती फार सुखात असायची.

यंदा ताट माझ्यापुढे आलं. चौकटीवर तिच्या गेल्या वर्षीच्या बोटाचा फिकट डाग होता. पूजेआधी मशीन पुसतात, म्हणून मी फडकं उचललं. संगीताताईंनी माझा हात धरला.

"न्हाई दादा. त्ये पुसायचं न्हाई."

मी नवं कुंकू त्याच्या शेजारी लावलं.